जुन्या अमेरिकन रेडिओ मालिकांचे डीकोडर, अंगठ्या, बिल्ले: पहिली वस्तू कुठली घ्यावी? (सल्ला हवा)

शुभदा_पेन

नमस्कार मंडळी,

आम्ही पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरपासून जवळच राहतो. लेक अकरा वर्षांची आहे आणि सध्या तिला गुप्त लिपीचं वेड लागलंय. 'कॅप्टन मिडनाइट' या जुन्या रेडिओ मालिकेचे काही भाग आंतरजालावर फुकट ऐकायला मिळतात, ते आम्ही जेवणं झाल्यावर ऐकतो. एका भागाच्या शेवटी निवेदक मुलांना कागद-पेन्सिल घ्यायला सांगतो आणि आकडे वाचून दाखवतो. ते आकडे म्हणजे पुढच्या भागाची खूण. ज्यांनी मालिकेच्या प्रायोजकाच्या, म्हणजे ओव्हल्टीन या दुधात घालायच्या पुडीच्या, डब्याच्या आतलं सील पाठवून डीकोडर (आकड्यांची अक्षरं करून देणारी फिरती चकती) मागवलाय, त्यांनाच ती उलगडणार. झालं! लेकीला तो डीकोडर हवाय. छापून काढलेला किंवा पुठ्ठ्याचा नको, त्या काळातला खरा हवा.

माझं बजेट पोस्टेज, टॅक्स सगळं धरून ७५ डॉलर. वस्तू कपाटात ठेवायची नाही, लेक ती हाताळणार. चालू स्थितीतला कुठला मिळेल? खोटा कसा ओळखायचा? ईबेवर घ्यावा की अ‍ॅडम्सटाउनच्या रविवारच्या बाजारात? आणि ही सुरुवात असेल तर पुढे काय जमवावं, तेही सांगा.

जुनाबाजार

शुभदाताई, थेट १९४९चा 'की-ओ-मॅटिक' घ्या, मध्ये कुठे थांबूच नका. कॅप्टन मिडनाइटचा तो शेवटचा कोड-ओ-ग्राफ (या मालिकेच्या डीकोडरचं नाव), मालिका त्याच वर्षी संपली. पितळी आहे आणि सोबत एक इवलीशी किल्ली येते. ती भोकात घालून आतली चक्रं हलवली की कोडची मांडणी बदलते. मुलांसाठी फुकटात वाटायच्या वस्तूत इतकं डोकं लावलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पण किल्लीसकटच घ्या. पोरांनी सगळ्यात आधी किल्लीच हरवली, त्यामुळे बाजारात निम्म्याहून जास्त नग बिनकिल्लीचे दिसतात. माझ्याकडचा किल्ली, पुस्तिका आणि मूळ पाकिटासह आहे. २४० डॉलरला घेतला, आणि आज कुणी दुप्पट दिले तरी देणार नाही.

आणि हो, पितळ घासू नका. काहीही झालं तरी घासू नका.

चकलीताई

किती गोड! आमच्या मुलांना हे कळायचं वय होतं तेव्हा आम्हाला या गोष्टींचा पत्ताच नव्हता.

मी 'लिटिल ऑर्फन अ‍ॅनी' या रेडिओ मालिकेची चाहती आहे. ओव्हल्टीनने आधी अ‍ॅनी प्रायोजित केली आणि १९४०मध्ये तिला सोडून कॅप्टन मिडनाइट धरला, त्यामुळे डीकोडरचा खरा मान अ‍ॅनीचा. १९३५ ते १९४० दर वर्षी नवा डीकोडर निघाला. १९३५चा साधा गोल आहे, १९३६च्या पाठीमागे चोरकप्पा आहे, १९३७चा सूर्यकिरणांसारखा. मला १९३७चाच सगळ्यात सुंदर वाटतो. पण तुम्ही खरं तर अ‍ॅनीचा शेक-अप मग घ्या. बीटलवेअर नावाच्या प्लास्टिकचा, वर झाकण, त्यात दूध आणि ओव्हल्टीन घालून हलवायचं. माझ्या ओट्यावरच्या फळीवर तीन आहेत. लेकीला डीकोडरपेक्षा मग आवडेल बघा.

अण्णा_मिशिगन

डेट्रॉइटच्या जवळ राहून मी गप्प बसणं शक्य नाही. ज्या डब्ल्यूएक्सवायझी स्टेशनवरून १९३३मध्ये 'लोन रेंजर' सुरू झाला ते आमच्या गावचं. 'ग्रीन हॉर्नेट' तिथलाच, युकॉनच्या पोलिसाची मालिकाही तिथलीच. जिथून अ‍ॅनी सुरू झाली त्या शिकागोवाल्यांनी अ‍ॅनीचं कितीही कौतुक करावं, मुलांच्या रेडिओचं माहेर डेट्रॉइट.

तर माझा सल्ला: १९४७ची लोन रेंजर अ‍ॅटॉमिक बॉम्ब अंगठी. किक्स सिरियलच्या खोक्याचं झाकण आणि १५ सेंट पाठवले की घरी यायची. अंगठीवर चंदेरी बॉम्ब, त्याला लाल शेपूट. शेपूट काढलं की खाली भिंग. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावले की त्यातून आत ठिणग्या उडताना दिसायच्या. खऱ्या अणूंच्या ठिणग्या, दिव्याची करामत नाही! आत किरणोत्सारी पोलोनियमचा कण होता आणि त्याच्यासमोर झिंक सल्फाइडचा पडदा. शाळेतल्या पोराच्या बोटावर भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. पोकळ शेपटात चिठ्ठी लपवायची सोय वेगळीच.

माझी अंगठी मी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मे महिन्यात घेतली, शेपूट आणि सोनेरी मुलामा दोन्ही शाबूत. १७५ डॉलर. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तीच दाखवतो.

नंदिनी_तळेगाव

पोलोनियम??? अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात? अण्णा, कृपया असे सल्ले देऊ नका.

विदा

नंदिनी, काळजी रास्त आहे, पण गणित करून बघू. त्या अंगठीत पोलोनियम-२१० होतं. त्याचं अर्धायुष्य १३८ दिवस. म्हणजे १९४७पासून आजपर्यंत ते दोनशेहून जास्त वेळा निम्मं झालं. आत पोलोनियमचा एकही अणू शिल्लक असण्याची शक्यता व्यवहारात शून्य. शिवाय ते अल्फा किरण, साध्या कागदानेही अडतात. आता ती फक्त अंगठी आहे.

याचा दुसरा अर्थ असा की 'अजून चमकते' असं सांगून कुणी विकत असेल तर तो खोटं बोलतोय. पहिल्या एक-दोन वर्षांनंतर ती फारशी चमकलीच नसणार.

अण्णा_मिशिगन

चमकत नाही हे मला ठाऊक आहे. चमकते असं मी कुठे म्हटलं? चमकायची म्हटलं.

शुभदा_पेन

अण्णा, अंगठी फारच भारी आहे. पण बजेट ७५ आहे हो, आणि लेकीला आकडे उलगडायचेत. अंगठीने ते होणार नाही.

जुनाबाजार, पितळ घासायचं नाही म्हणजे नुसतं पुसलेलंही चालत नाही का?

जुनाबाजार

कोरड्या सुती कापडाने हलकं पुसा, बस्. पॉलिश लावलं की वरचा मुलामा आणि अक्षरांतला रंग दोन्ही जातं आणि अर्धी किंमत त्यासोबत जाते. काळपट असला तरी चालेल. वयाचा रंग आहे तो.

ढब्बूपैसा

मी जरा कडू बोलणार आहे, पण बोललंच पाहिजे.

सुरुवातीला मी ऑनलाइन अ‍ॅनीच्या सिक्रेट सोसायटीची (श्रोत्या मुलांच्या क्लबची) १९३५ची पुस्तिका घेतली. विक्रेत्याने 'मूळ' लिहिलेलं, फोटोही झकास. घरी आल्यावर कागद बोटांना फार गुळगुळीत लागला. अंधारात काळ्या दिव्याखाली धरला, तर निळसर पांढरा झगमगला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले ते १९५०च्या आसपासपासून. १९३५चा कागद असा पेटत नाही. म्हणजे छापील नक्कल. विक्रेत्याने पैसे परत द्यायला नकार दिला, आणि त्या साइटनेही त्याचीच बाजू घेतली. तेव्हापासून पुस्तिका हातात घेतल्याशिवाय मी विकत घेत नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच: छोटा काळा दिवा, म्हणजे यूव्ही टॉर्च, सोबत ठेवा. स्वस्तात मिळतो. पण एक लक्षात असू द्या. कागद चमकला तर नक्कल पक्की, नाही चमकला तर खराच आहे असं सिद्ध होत नाही. जुन्या कोऱ्या कागदावर छापणारेही महाभाग आहेत.

पितळी वस्तूंच्या नकला कमी, कारण साचे करणं महाग. अंगठ्यांच्या मात्र होतात. ठशाच्या कडा बोथट, अक्षरं सुजल्यासारखी दिसली की मागे फिरा.

आणि पितळ घासू नका.

मीनल_टोरांटो

बजेट ७५ आहे तर मी एक सुचवू? क्लोन्डाइक बिग इंच!

१९५५मध्ये क्वेकर ओट्सने युकॉनच्या पोलिसाच्या, म्हणजे सार्जंट प्रेस्टनच्या, मालिकेच्या जाहिरातीसाठी पफ्ड व्हीट आणि पफ्ड राइसच्या खोक्यांत जमिनीची कागदपत्रं घातली. युकॉनमधली एक चौरस इंच जमीन, तुमच्या नावाची जागा मोकळी ठेवलेली, नक्षीदार किनार, शिक्का, अनुक्रमांक. अशी २ कोटी १० लाख खतं छापली. कंपनीने त्यासाठी डॉसनजवळ १९.११ एकर जमीन खरोखरच घेतली होती. पण खतं कुठेच नोंदवली नाहीत, आणि १९६५मध्ये ३७.२० डॉलर कर थकला म्हणून जमीन सरकारजमा झाली. माझ्याकडची दोन खतं मी तीस-तीस डॉलरला घेतली, फ्रेम करून बैठकीत लावली आहेत. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो.

यात बिघडायला काही नाही, हरवायला किल्ली नाही, आणि खतं इतकी आहेत की नकला करण्यात कुणाला फायदा नाही.

अण्णा_मिशिगन

मीनल, ते टीव्हीचं प्रकरण आहे. धागा रेडिओचा आहे.

मीनल_टोरांटो

अण्णा, सार्जंट प्रेस्टन रेडिओवरच जन्मला. तुमच्याच डेट्रॉइटला, १९३८मध्ये. 'चॅलेंज ऑफ द युकॉन' नावाने. तुम्हीच वर सांगितलंत की तुमच्या गावची मालिका!

अण्णा_मिशिगन

जन्म रेडिओवरचा, हे मान्य. पण १९५५ला तो टीव्हीवर गेला आणि रेडिओवर त्याच वर्षी बंद झाला. खतं टीव्हीच्या जिवावर वाटली गेली. जमवणाऱ्याने इतकं काटेकोर राहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या कुणी पन्नाशीतल्या टीव्हीवरच्या मिडनाइटचा प्लास्टिकचा डीकोडरही यात घालेल.

चकलीताई

मला खत आवडलं बाई. कुठे मिळतं, मीनल? व्यनि (खासगी निरोप) कर.

कोथरूडकर

धागा वाचून मन एकदम बिनाकाकडे गेलं. टूथपेस्टच्या खोक्यात यायचे ते प्लास्टिकचे छोटे प्राणी! हत्ती, जिराफ, कासव. आमच्या वाड्यात त्यांची देवाणघेवाण चालायची, एका गेंड्यासाठी दोन बदकं. ओसरीवर संध्याकाळी सगळ्यांचे डबे उघडायचे. आई ओरडायची की दात घासायच्या आधीच खोकं का फाडलं. बिनाका म्हणजे रेडिओच, अमीन सयानींची गीतमाला. मग आपल्याकडेही हे होतंच की. अमेरिकनांचं कशाला एवढं?

पश्चिमवारा

कोथरूडकर, आठवण छान आहे, पण फरक मोठा आहे. बिनाकाचा प्राणी पेस्टच्या खोक्यात सगळ्यांनाच मिळायचा, त्याचं कार्यक्रमाशी काही नातं नव्हतं, आणि गीतमाला सिलोनवरून लागायची. आपल्या आकाशवाणीवर जाहिरातीच नव्हत्या. विविध भारतीवर त्या आल्या १ नोव्हेंबर १९६७ला, मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर. तोवर अमेरिकेतला मुलांचा रेडिओ संपूनही गेला होता. म्हणजे आपल्याकडच्या मुलांच्या कार्यक्रमांना प्रायोजकच नव्हता, मग झाकण पाठवून वस्तू मागवणार कुणाकडून?

अमेरिकेत या वस्तूंचा उद्देशच वेगळा होता. पोरं कार्यक्रम ऐकतात की नाही हे प्रायोजकाला कळायचं कसं? येणाऱ्या पाकिटांवरून. झाकण आलं म्हणजे डबा विकला गेला, आणि पत्र आलं म्हणजे कार्यक्रम ऐकला गेला. दोन्ही गोष्टी एका १० सेंटच्या नाण्यात. म्हणून वस्तू गोष्टीत गुंफायची. नायक मालिकेत जी शिटी वाजवतो तीच घरी मागवता येते. हे सगळ्यात चांगलं जमलं ते ओव्हल्टीनला, कारण डीकोडर नसेल तर भागाचा शेवटचा मिनिट कळतच नाही.

आता शुभदाताईंच्या प्रश्नाकडे. वर कुणीच एक महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही. दर वर्षीच्या कोड-ओ-ग्राफची अक्षरमांडणी वेगळी आहे. १९४७च्या भागातला संदेश १९४२च्या चकतीवर लागणार नाही. म्हणजे आधी तुमच्याकडचं रेकॉर्डिंग कुठल्या वर्षाचं ते बघा. आणखी एक: मालिका १९३८मध्ये स्केली ऑइलने सुरू केली, आणि आज ऐकायला मिळणारे बरेच भाग त्याच काळातले आहेत. त्यांत कोड नाहीत. कोड-ओ-ग्राफ ओव्हल्टीन आल्यावरचे.

नग असे: १९४१, मग १९४२चा फोटोमॅटिक. १९४३ आणि १९४४ला नवा निघालाच नाही, युद्धात धातू कुठून आणणार, म्हणून पोरांनी ४२चाच वापरला. १९४५च्या नगात भिंग, ४६च्यात आरसा, ४७ची शिटी, ४८चा पुन्हा आरशाचा, आणि ४९चा किल्लीचा, ज्याबद्दल जुनाबाजार वर लिहितात.

लेक हाताळणार असेल तर ४७ची शिटी घ्या. प्लास्टिकची आहे, निळी, वर लाल चकती. वाजते, कोडही लागतो, आणि मुलामा जाईल ही भीती नाही. मी ४५ डॉलरला घेतली. तोंडात घालायच्या आधी कोमट पाण्याने धुवा, इतकंच.

कुठलाही घ्या, पण हातात घेऊन चकती फिरवा. एका अक्षरासमोर एक आकडा लावा आणि पूर्ण फेरी मारून परत तिथेच येते का बघा. मधली खीळ सैल झाली की चकती डळमळते आणि आकडा दोन अक्षरांच्या मध्ये अडकतो. अशा नगाने संदेश लागत नाही, तो फक्त दाखवायला ठेवायचा. ही गोष्ट फोटोत कधीच कळत नाही, म्हणून ईबेपेक्षा अ‍ॅडम्सटाउन बरं.

जुनाबाजार

पश्चिमवारा यांच्या बाकी सगळ्याला +१, पण शिटी? प्लास्टिकचं कशाला घ्यायचं? पितळ ते पितळ. आणि घेताना डोळसपणे घ्या: १९४२चा फोटोमॅटिक बिनफोटोचा मुळीच घेऊ नका. त्याच्या खिडकीत कॅप्टनचा फोटो असतो, तो नसला की नग अर्धवट. बाजारात बिनफोटोचे ढिगाने पडलेले असतात, आणि नवीन माणसाला नेमके तेच गळ्यात मारतात.

ढब्बूपैसा

फोटोबद्दल +१. बिनफोटोचा घेऊ नका. आणि फोटो असला तरी तो नंतर चिकटवलेली झेरॉक्स नाही ना, ते काळ्या दिव्याखाली बघा.

विदा

बिनफोटोचा घेऊ नये याला माझंही अनुमोदन. पुढे विकायचा झाला तर त्रास होतो.

चकलीताई

फोटोसकट घ्या. आणि मगचा विचार करा.

अण्णा_मिशिगन

टॉम मिक्सबद्दल कुणी काही बोललंच नाही. राल्स्टन या सिरियल कंपनीच्या टॉम मिक्स मालिकेच्या अंगठ्या घ्या. चुंबकाची अंगठी १९४७ची, घसरशिटीची १९४९ची. टॉम मिक्स हा खराखुरा सिनेनट १९४०मध्ये अ‍ॅरिझोनात मोटार अपघातात गेला, पण रेडिओवरचा टॉम मिक्स पुढे दहा वर्षं चालला, कारण रेडिओवर त्याचा आवाज आधीपासून दुसऱ्याच नटाचा होता. मला हे फार विलक्षण वाटतं. पोरं ज्याला पत्रं लिहीत होती तो माणूस जगात नव्हता, आणि उत्तरं तरी येत होती.

विदा

अण्णा, ती घसरशिटीवाली अंगठी वाजते का अजून?

अण्णा_मिशिगन

माझी वाजते. चार सूर लागतात.

कोथरूडकर

मंडळी, बिनाकाचे प्राणी आता किती किमतीला जातात, कुणाला कल्पना? माझ्याकडे डबाभर आहेत.

पश्चिमवारा

कोथरूडकर, वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

शुभदाताई, पुढे काय जमवावं ते राहिलं होतं. केलॉग्जचे पेप बिल्ले. १९४५पासून पेप सिरियलच्या खोक्यात यायचे, कार्टूनमधल्या पात्रांचे छोटे पत्र्याचे बिल्ले, आणि त्याच काळात पेप रेडिओवरच्या 'सुपरमॅन'चं प्रायोजक होतं. पूर्ण संच ८६ बिल्ल्यांचा. साधे बिल्ले मला पाच-सहा डॉलरला मिळाले. सुपरमॅनचा मात्र महाग. मागच्या बाजूला 'केलॉग्ज पेप' छापलेलं असतं, ते बघूनच घ्या. लेकीला हळूहळू जमवायला यापेक्षा चांगलं काही नाही, आणि एखादा हरवला तर घर डोक्यावर घ्यायची गरज नाही.

ठेवताना स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. पीव्हीसी असेल तर ते सुटून धातूला चिकट हिरवा थर चढवतं. पॉलिप्रॉपिलिनची पाकिटं घ्या, नाण्यांच्या दुकानात मिळतात.

नंदिनी_तळेगाव

हे बिल्ले लहान मुलांच्या हातात देताना मागची टाचणी बघा. गंजलेली असेल तर टोचल्यावर धनुर्वाताची भीती.

शुभदा_पेन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी अ‍ॅडम्सटाउनला जाऊन आलो. रूट २७२वरच्या दुकानांत अर्धा दिवस गेला. तुम्ही सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं, यूव्ही टॉर्चसुद्धा.

एका दुकानात ४७ची शिटी होती, ५५ला. चकती पक्की, वाजतही होती. मी जवळजवळ घेतलीच. पण लेकीचं लक्ष शेजारच्या काचेखाली. तिथे १९४२चा फोटोमॅटिक होता, खिडकी रिकामी, पितळ काळवंडलेलं, कडेला एक पोचा. किंमत ३८. मालकाने बाहेर काढून दिला, लेकीने चकती पूर्ण फिरवली, जिथून निघाली तिथेच आली, जराही डळमळ नाही. थोडी घट्ट फिरते, पण फिरते.

मी तिला सांगितलं की सगळ्यांनी बिनफोटोचा घेऊ नकोस म्हटलंय. तर ती म्हणाली, 'आई, तो फोटो काढून आपला लावायचा असतो. मी वाचलंय.' दुकानदार आजोबांनीही तेच सांगितलं. ओव्हल्टीननेच मुलांना लिहिलं होतं की कॅप्टनचा फोटो काढून आपला लावा, म्हणजे हे तुमचं ओळखपत्र झालं. ज्या मुलाने त्या बिल्ल्यातून फोटो काढला त्याने सांगितलेलंच केलं. मला ते पटलं. मग आम्ही तोच घेतला, टॅक्ससह चाळीसला, आणि उरलेल्यात पाच पेप बिल्ले. बजेटमध्ये बसलं.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर आमचे बरेच भाग स्केली ऑइलच्या काळातले निघाले, पश्चिमवारा म्हणाले तसेच. आकडे असलेला भाग कुठल्या वर्षाचा ते कळायला मार्ग नाही, ४२च्या चकतीवर तो लागला नाही. लेकीला त्याचं काही वाटलं नाही. तिने चुलतबहिणीला न्यूजर्सीला पत्र पाठवलंय, सगळं आकड्यांत, आणि मांडणी वेगळ्या पाकिटातून.

जुनाबाजार

बिनफोटोचा घेतलात. बरं. पोचा कुठल्या कडेला आहे? खिळीजवळ असेल तर पुढे सैल होईल, म्हणून विचारतो.

शुभदा_पेन

खिळीपासून लांब, वरच्या कडेला.

जुनाबाजार

मग चालेल. घासू नका.

ढब्बूपैसा

फोटो लावणार असाल तर डिंक किंवा फेव्हिकॉल लावू नका. जाड आर्काइव्हल (आम्लविरहित, टिकाऊ) कागदावर छापा, खिडकीच्या मापापेक्षा केसभर मोठा कापा, आणि कडांच्या आधाराने बसवा. पुढच्या कुणाला काढायचा झाला तर निघाला पाहिजे.

पश्चिमवारा

शुभदाताई, आकड्यांचा तो भाग मला व्यनितून पाठवा. माझ्याकडे ४५, ४७ आणि ४९चे नग आहेत, त्यांवर लावून बघतो. निवेदक मास्टर कोड (चकती कुठे लावायची ती खूण) सांगतो तिथपासून पाठवा, नुसते आकडे नकोत.

अण्णा_मिशिगन

अभिनंदन शुभदाताई. पुढच्या मे महिन्यात ब्रिमफील्डला या. अंगठीचं बघू.

कोथरूडकर

बिनाकाचा धागा काढला आहे. पश्चिमवारा, या तिकडे.